एकशे एक्कावन्न श्रोते

सावळीराम विधाते यांच्या 'गोदाकाठ जागतिक लोकसंगीत श्रोता संघा'चे सभासद एकशे एक्कावन्न होते, आणि त्यांतला एकच जण रेडिओ ऐकायचा. तो एक म्हणजे स्वतः सावळीराम. उरलेल्या दीडशे जणांना आपण असल्या कुठल्या संघात आहोत याचा पत्ताच नव्हता. सत्त्याण्णव सालच्या जानेवारीत पोस्टमनने ते जाडजूड परदेशी पाकीट आणून दिलं नसतं, तर तो कधी लागलाही नसता.

पाकीट आलं तेव्हा अण्णा शेवंतीला पाणी देत होते. मखमलाबादमध्ये सावळीरामांना सगळे अण्णाच म्हणत, तेव्हा आपणही अण्णाच म्हणू. त्यांनी चिखलाचे हात पायजम्याला पुसले आणि पाकीट थेट सुवर्णाकडे नेलं. सुवर्णा ही त्यांची धाकटी मुलगी. नाशिकच्या कॉलेजात इंग्रजी घेऊन बी.ए. करत होती, त्यामुळे संघाचा सगळा परदेशी पत्रव्यवहार तिच्या गळ्यात पडला होता. तिने पत्र मनात वाचलं, मग वडिलांकडे पाहिलं, मग पुन्हा एकदा पत्र वाचलं.

"अण्णा, तुमच्या स्टेशनवरची बाई येतेय."

"कुठं?"

"इथं. आपल्या घरी. पुढच्या सोमवारी सकाळी अकरा वाजता."

अण्णा खाली बसले. खाली नुकतंच पाणी सोडलेलं होतं, पण ते त्यांच्या फार उशिरा लक्षात आलं.

हे स्टेशन युरोपातल्या एका डोंगराळ देशाचं. देशाचं नाव अण्णा इतक्या सावकाश उच्चारत की ऐकणाऱ्याचं लक्ष तोवर दुसरीकडे गेलेलं असे. सोमवारी आणि गुरुवारी दुपारी साडेचार वाजता शॉर्टवेव्हवर तिथून अर्धा तास जगभरची लोकगीतं लागत. कधी मेंढपाळांची, कधी कोळ्यांची, कधी गवत कापणाऱ्या बायकांची. पहाटे फुलं तोडून बाजारात पोचवायची, दुपारी जेवून अंग टाकायचं, आणि साडेचारला जांभळाखाली रेडिओ घेऊन बसायचं, हा अण्णांचा अकरा वर्षांचा नेम होता. कौलांपासून जांभळापर्यंत त्यांनी तांब्याची तार ताणली होती. निवेदन करणाऱ्या इरिनाबाईंचं इंग्रजी त्यांना रुपयातले चार आणे कळे आणि गाण्यातलं काहीच कळत नसे. तरी कुठल्या कुठे बसलेली माणसं बैलामागे, होडीत, चुलीपुढे गातात आणि ते मखमलाबादला ऐकू येतं, याचं त्यांना अजूनही नवल वाटे. त्या अर्ध्या तासावर अण्णांचा जीव होता.

आणि त्या जिवावरच दोन वर्षांपूर्वी बेतलं होतं. इरिनाबाईंनी एक दिवस रडवेल्या आवाजात सांगितलं होतं की आमचे साहेब म्हणतात, हा कार्यक्रम कोणी ऐकत नाही, बंद करा. श्रोते असाल तर पत्र पाठवा. अण्णांना त्या दिवशी जेवण गेलं नाही. त्यांनी सुवर्णाला कागद-पेन घेऊन बसवलं.

"लिही, आम्ही ऐकतो."

"आम्ही म्हणजे किती जण?"

"लिही दीडशे." सुवर्णा लिहायला लागली तसा त्यांनी तिचा हात धरला. "थांब. शून्यावर कुठं थांबतात का? शुभ काम हाय. एकशे एक्कावन्न लिही."

स्टेशनवाल्यांनी खूश होऊन उलट टपाली सभासदांची नावं मागवली. एकशे एक्कावन्न नावं अशी उभ्या उभ्या कुठून आणायची? मग अण्णांनी पेटीतून थोरल्या शुभांगीच्या लग्नातली पत्रिका वाटायची यादी काढली आणि नाक्यावरच्या टायपिंगवाल्याला दिली. वर माझं नाव घाल आणि त्यातली पहिली दीडशे इंग्रजी अक्षरांत टाइप कर, म्हणाले. सुवर्णाची तेव्हा बारावीची परीक्षा होती. यादी कोणी तपासली नाही, आणि ती विमानाने युरोपात गेली.

आता त्याच यादीचं फळ म्हणून हे पत्र आलं होतं. इरिनाबाई गाणी रेकॉर्ड करायला भारतात आल्या होत्या. मुंबईहून वेरूळला जाताना वाटेत दोन तास थांबून त्यांना आशियातल्या सर्वांत मोठ्या श्रोता संघाला भेटायचं होतं. शेवटी हाताने चार ओळी लिहिल्या होत्या. सुवर्णाने त्या दोनदा वाचून दाखवल्या. साहेब म्हणतात, इतके श्रोते खरोखर असतील तर त्यांचा एकत्र फोटो आण. फोटो नाही आला, तर मार्चअखेर कार्यक्रम बंद.

"मग खरं काय ते सांगून टाका की," लताबाई म्हणाल्या. लताबाई म्हणजे अण्णांच्या पत्नी. त्या ओट्यावर बसून झेंडूच्या माळा ओवत होत्या. "एकच जण ऐकतो म्हणावं, पण मनापासून ऐकतो."

"खरं सांगितलं तर बंद पडंल."

"मी काय म्हणते—" लताबाईंनी सुरुवात केली, पण अण्णा तोवर चपला घालून वेशीपर्यंत गेले होते.

पहिले दोन दिवस अण्णांनी सरळ मार्गाने प्रयत्न केला. ते घरोघर जाऊन सांगू लागले की सोमवारी या आणि फक्त म्हणा, आम्ही रेडिओ ऐकतो. लोक नाही म्हणत नसत. "येऊ की," म्हणत आणि चहा प्यायला लावत. पण त्या 'येऊ की'चा अर्थ अण्णांना चांगला ठाऊक होता. निदान थोडी तयारी असावी म्हणून गुरुवारी साडेचारला त्यांनी नऊ जणांना हाताला धरून जांभळाखाली बसवलं. नेमका त्या दिवशी मंगोलियाचा कार्यक्रम होता. गवताळ रानातला कोणी एक घोडेवाला घशाच्या तळातून एकच सूर काढून पाच मिनिटं थांबायलाच तयार नव्हता.

"अण्णा, सेल उतरले का?" एकाने विचारलं.

"गाणं हाय ते."

"बरा हाय ना तो?" दुसऱ्याने काळजीने विचारलं. गाणं संपेपर्यंत नवातले चार उरले होते, आणि त्यातल्या दोघांना झोप लागली होती.

शेवटी अण्णा सहादूकडे गेले. सहादू हा त्यांचा लहानपणापासूनचा दोस्त. सातपूरला एका कारखान्यात लेथवर होता, आणि युनियनच्या गेटसभेला माणसं जमवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"दीडशेच पाहिजे ना?"

"एकशे एक्कावन्न. पण रेडिओसाठी कोण येतं रे?"

"रेडिओसाठी नाय येणार. तू घरी जा. मांडवाचं बघ. माणसांचं मी बघतो."

सहादूने काही फार केलं नाही. शनिवारी पहिली पाळी सुटल्यावर तो पानाच्या टपरीवर उभा राहिला आणि तंबाखू मळता मळता म्हणाला, "सोमवारी परदेशातली बाई येतेय सावळीरामच्या मळ्यात. फुलं बघायला येतेय म्हणत्यात." एवढंच. त्या वर्षी नाशिककडे जो तो एक्स्पोर्टच्या गोष्टी करत होता. कुणाच्या मेहुण्याने पॉलिहाऊस टाकलेलं, कुणाचे गुलाब हॉलंडला जाऊन आलेले. सहादूचं वाक्य संध्याकाळी गिरणाऱ्याला पोचलं, रविवारी सकाळी दिंडोरीला, आणि दुपारपर्यंत ती बाई रोज दोन विमानं भरून फुलं नेणार असल्याचं पक्कं झालं होतं.

सोमवारी सकाळी नऊपासून अण्णांच्या मळ्यात गाड्या लागायला लागल्या. लुना, एम-ऐंशी, जीप, ट्रॅक्टर. माणसं उतरत होती आणि प्रत्येकाच्या हातात काही ना काही होतं. वर्तमानपत्रात गुंडाळलेले गुलाब, निशिगंधाच्या जुड्या, झेंडूच्या पाट्या. एकाने द्राक्षांची पेटी आणली होती आणि लासलगावकडचा एक पाहुणा, बाई एवढ्या लांबून येतेच आहे तर, म्हणून कांद्याचं पोतं घेऊन आला होता. अण्णा धुतलेला सदरा घालून मांडवाच्या खांबाशी उभे होते. साडेदहाला माणसं तीनशेच्या वर गेली तेव्हा त्यांनी सहादूला बाजूला ओढलं.

"सहादू, एवढी माणसं लोकसंगीतासाठी आली?"

"आवड असते रे लोकांना," सहादू म्हणाला. "बाहेर काढावी लागते."

"पण फुलं कशाला आणली सगळ्यांनी?"

"पाहुण्याकडं रिकाम्या हातानं जातं का कोणी?"

अण्णांना ते पटलं. इतकं पटलं की लताबाई घराच्या दारातून, चहाची साखर संपली, म्हणून खुणा करत होत्या, त्यांना त्यांनी हात वर करून नमस्कार केला. लताबाईंनी शेजारच्या भागीबाईला साखर आणायला पाठवलं आणि स्वतः बायकांना घेऊन मागच्या अंगणात सत्काराचे हार करायला बसल्या.

सव्वाअकराला पांढरी मोटार आली. इरिनाबाई पन्नाशीच्या, उंच, आखूड केसांच्या होत्या. बरोबर खांद्याला रेकॉर्डिंगचं यंत्र लावलेला एक तरुण होता. बाईंनी गाडीतून पाय खाली ठेवला आणि पाहिलं, तर समोर चारशे माणसं हातात फुलं घेऊन त्यांच्याकडे टक लावून बघत होती. त्यांचे डोळे भरून आले. त्या छातीवर हात ठेवून काहीतरी बोलल्या.

"त्या म्हणतात, आमच्या देशात कोणाचंही असं स्वागत होत नाही," सुवर्णाने सांगितलं.

गर्दीतून पुंजाबाबा पुढे आले. पुंजाबाबा म्हणजे पंचक्रोशीतले सर्वांत मोठे गुलाबवाले. त्यांनी बाईंना आपादमस्तक पाहिलं आणि सुवर्णाला म्हणाले, "पोरी, विचार यांना, रोजच्या किती पेट्या लागतील?"

सुवर्णाने वडिलांकडे पाहिलं. वडील वरच्या तारेकडे बघत होते. सहादू मांडवाच्या मागे गेला होता. पोरगी हुशार होती, काय झालं असावं ते तिच्या एका क्षणात ध्यानात आलं. तिने बाईंना इंग्रजीत विचारलं, "हे विचारताहेत, तुमच्याकडे रोज किती गाणी येतात?"

बाईंनी उत्साहाने उत्तर दिलं. सुवर्णाने खोटं न बोलायचं ठरवून ते जसंच्या तसं सांगितलं. "साठ-सत्तर येतात म्हणे. पण त्यातली दहाच निवडतात."

पुंजाबाबा मागे वळून म्हणाले, "निवड कडक हाय." गर्दीत कुजबुज झाली. "आणि बाकीच्याचं काय करतात?"

सुवर्णाने विचारून सांगितलं, "थंड खोलीत ठेवतात. खराब होऊ नये म्हणून."

"कोल्ड स्टोरेज," पुंजाबाबांनी सगळ्यांना समजावलं. "विचार, पसंती कशाला?"

"शहराजवळचं नको म्हणतात. डोंगरातलं, जुन्या माणसांनी जपलेलं पाहिजे."

हे ऐकून पॉलिहाऊसवाल्यांची तोंडं उतरली आणि गावठी गुलाबवाले कोपरं मारत पुढे सरकले. अण्णांना यातलं काही कळत नव्हतं. त्यांना एवढंच दिसत होतं की आपल्या गावच्या माणसांनी किती अभ्यास करून प्रश्न काढले आहेत.

इथेच फोटो काढून घेतला असता तर सगळं सुरळीत झालं असतं. नाक्यावरचा फोटोग्राफर स्टुलावर चढूनही बसला होता. पण इरिनाबाईंनी पिशवीतून बिल्ल्यांचा डबा काढला, आणि त्याच्याबरोबर यादी. प्रत्येक सभासदाच्या छातीवर स्वतःच्या हाताने बिल्ला लावायचा, असं त्यांनी प्रवासभर मनाशी घोकलं होतं. त्या एकेक अक्षर सुटं सुटं करून मोठ्याने वाचू लागल्या, त्यामुळे मागच्या रांगेपर्यंत सगळं स्वच्छ ऐकू जात होतं.

पहिली दहा-बारा नावं भावकीतली होती, ती माणसं हजर होती. त्यांनी गोंधळून बिल्ले लावून घेतले. मग बाईंनी वाचलं, "मंगल मंडप डेकोरेटर्स."

कोणी पुढे येईना. सहादू मांडवामागून धावत आला आणि त्याने छाती पुढे केली. पुढचं नाव गेणूबाबांचं होतं. गेणूबाबांना जाऊन चार वर्षं झाली होती. सगळे एकमेकांकडे बघू लागले.

"ते आता फार वर असतात," सुवर्णा म्हणाली. "खाली येणं होत नाही."

"या वयात डोंगरावर," बाई गहिवरून म्हणाल्या, आणि गेणूबाबांसाठी त्यांनी दोन बिल्ले दिले.

टायपिंगवाल्याने कागदावर जे जे होतं ते ते इमानदारीने टाइप केलं होतं. बाईंनी पुढची ओळ घेतली. "नवसाबाई, रुसल्या आहेत, स्वतः जाऊन देणे."

नवसाबाई ही अण्णांची चुलतबहीण. ती तिथेच उभी होती. "कोण रुसलंय?" ती म्हणाली. "मी? तसं यादीत लिहून ठेवलंय व्हय तुम्ही? आणि ती परदेशात पाठवली?"

"अहो, ही तर शुभांगीच्या लग्नाची यादी," मागून कोणीतरी ओळखलं.

त्याबरोबर पुंजाबाबांनी यादीत डोकं घातलं. त्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण त्यांच्या नातवाने वाचून सांगितलं की बाबा, तुमचं नाव नाही. लग्नात बोलावलं नव्हतं हे दुःख त्यांनी सहा वर्षं गिळलं होतं. त्यावर आज हे.

"म्हणजे सगळा माल सोयऱ्याधायऱ्यांचाच जाणार," ते म्हणाले. "आम्ही काय शोभेला आलो का?"

मग जो गलका उठला त्यात कोणाचंच कोणाला ऐकू येईना. नाशिक-दिंडोरीची माणसं एकत्र ओरडत होती, कांदेवाला पाहुणा पोत्यावर चढला होता, आणि नवसाबाई रुसली नसल्याचं प्रत्येकाला धरून सांगत होती. पुंजाबाबांनी सहादूची कॉलर पकडली. "खरं सांग, डझनाला काय भाव देणार हाय ही?"

"ती फुलं घेत नाय हो," सहादू कळवळून म्हणाला. "ती गाणी घेते."

अचानक सगळं शांत झालं. त्या शांततेत चारशे माणसांनी अण्णांकडे पाहिलं.

अण्णांना एकदम सगळा उलगडा झाला. ते पुढे झाले. "सहादूचा दोष नाय," ते म्हणाले. "खोटं मी लिहिलं. ही यादी माझी, संघ माझा, आणि ऐकणारा मी एकटाच. तुम्ही आला नसता तर ते गाणं बंद पडलं असतं. आता पडंलच. मला माफ करा." एवढं बोलून ते बाजेवर बसले आणि त्यांनी डोकं हातात धरलं. हे ऐकून बाई काय म्हणतील, या विचाराने त्यांना वर बघवत नव्हतं.

पण बाई काहीच म्हणाल्या नाहीत, कारण बाई तिथे नव्हत्या. तो यंत्रवाला तरुणही नव्हता.

"आता ही गेली कुठं?" पुंजाबाबा म्हणाले. राग काढायला समोर माणूस नसला की राग वाढतो, तसा सगळ्यांचा वाढला. पुंजाबाबा तरातरा घराला वळसा घालून मागच्या अंगणाकडे निघाले आणि त्यांच्यामागे चारशे माणसं निघाली. फोटोग्राफरही स्टूल उचलून निघाला. अण्णा तेवढे बाजेवरच बसून राहिले.

मागच्या अंगणात सत्काराचे हार चालले होते. पाच-सहा बायका गोल करून बसल्या होत्या आणि हात चालताना त्यांचं तोंडही चालू होतं. लताबाई एक ओळ गात, बाकीच्या तिला साथ देत. त्या गोलाच्या मधोमध इरिनाबाई मांडी घालून बसल्या होत्या आणि तो तरुण लताबाईंपुढे गुडघे टेकून माइक धरून होता. पुंजाबाबांनी ओरडायला तोंड उघडलं. तरुणाने बोट ओठांवर ठेवलं आणि यंत्रावरच्या लाल दिव्याकडे दाखवलं. पुंजाबाबा तसेच थांबले. त्यांच्या मागचे त्यांच्यावर आपटून थांबले. आणि मग ते ऐकू लागले.

पुंजाबाबांची आई पहाटे जात्यावर बसून अशाच चालीत गायची. ते त्यांना कित्येक वर्षांत आठवलं नव्हतं. त्यांनी टोपी काढून हातात घेतली. मधूनच एखाद्या ओळीला बायका पदर तोंडाला लावून हसत, तसं पुरुषांतही हलकं हसू पसरे आणि मग पुन्हा सगळे कान देत. फोटोग्राफरने आयुष्यात इतकी माणसं इतकी गप्प पाहिली नव्हती. त्याने भराभर सहा फोटो काढले.

गाणं संपल्यावर इरिनाबाईंनी सुवर्णाला विचारलं, "याचा अर्थ काय?"

सुवर्णाने आईकडे पाहिलं. आई खाली मान घालून हाराची गाठ मारत होती. सुवर्णाने पुढच्या अंगणात एकट्या बसलेल्या वडिलांचा विचार केला, आणि सकाळपासून पाळलेला खरं बोलायचा नेम तिने तिथे सोडला. "फार जुनी प्रार्थना आहे," ती म्हणाली. "बाई देवाला म्हणते, तू साऱ्या जगाचं ऐकतोस, माझंही ऐक."

बाईंनी ते वहीत लिहून घेतलं. जाताना पुंजाबाबांनी त्यांच्या गाडीत आपले सगळे गुलाब भरले. आता परत कुठे नेऊ, म्हणाले. त्यांचं पाहून बाकीच्यांनीही भरले, आणि कांद्याचं पोतं ड्रायव्हरने डिकीत टाकून घेतलं. अण्णांनी दुरूनच हात जोडले. मागे काय झालं ते त्यांना कोणी नीट सांगितलं नाही. फोटो निघाला, एवढंच कळलं. आणि का कोण जाणे, नंतर दोन महिने गावातला जो तो त्यांना बघून हसायचा. खोटं पकडलं गेल्याचं हसू असणार, असं समजून अण्णा खाली मान घालून जात.

मार्चच्या शेवटी पत्र आलं. साहेबांनी फोटो पाहिला होता. इतक्या तल्लीन होऊन ऐकणारी माणसं जगात कुठेही असतील तर कार्यक्रम बंद करता येत नाही, असं ते म्हणाले होते. अण्णांनी ते पत्र सुवर्णाकडून तीनदा वाचून घेतलं आणि तिसऱ्यांदा त्यांना रडू आलं. सोमवारच्या कार्यक्रमात तुमच्यासाठी एक भेट आहे, असंही बाईंनी लिहिलं होतं.

सोमवारी साडेचारला अण्णा जांभळाखाली बसले. लताबाई ओट्यावर माळा ओवत होत्या. खरखर झाली, सूर लागला, इरिनाबाई बोलू लागल्या. 'इंडिया', 'व्हिलेज', 'प्रेअर', 'गॉड' एवढे शब्द अण्णांनी उचलले. मग एका बाईचा आवाज आला. अण्णांनी रेडिओ कानाशी धरला. अकरा वर्षांत पहिल्यांदाच त्या रेडिओवरच्या गाण्याचा शब्द न् शब्द त्यांना कळत होता.

सात समुद्रापल्याड कुणी गाई गं डोंगरी,
त्याचं ऐकतो धनी माझा, माझी हाक राही घरी.

कपामधला गं चहा निवून झाला पाणी,
धन्याच्या माझ्या कानी परमुलखाची गाणी.

अशा नऊ ओव्या होत्या. एकीत तांब्याची तार होती, एकीत संपलेली साखर होती. अण्णांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. दोन महिने गाव कशाला हसत होतं ते त्यांना ओवीगणिक कळत गेलं. गाणं संपल्यावर इरिनाबाईंनी सांगितलं, ते ओट्याच्या पलीकडून सुवर्णाने मराठीत सांगितलं. ही प्रार्थना आमच्या साहेबांच्या पत्नीला इतकी आवडली आहे की यापुढे दर सोमवारी कार्यक्रमाची सुरुवात तिनेच होईल. आणि श्रोत्यांसाठी ती लगेच पुन्हा एकदा ऐकवत आहोत.

अण्णांनी रेडिओ उचलला. तो घेऊन ते ओट्यावर आले आणि लताबाईंच्या शेजारी बसले. थोडा वेळ त्यांनी झेंडूच्या ढिगाकडे पाहिलं, एक फूल उचललं, परत ठेवलं.

"तू काही म्हणत होतीस का?" त्यांनी विचारलं.

"आत्ता नाय," लताबाई म्हणाल्या. "गाणं संपू द्या."